राग्नारची मुलं आणि नृपतुंगाचं बोट

राग्नार लोथब्रोक नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का, हे छातीठोकपणे कुणी सांगत नाही. त्याची म्हणून जी मुलं सांगतात ती मात्र नक्की होऊन गेली. मुलं खरी आणि बाप दंतकथेतला, असा उफराटा मामला फार थोड्या घराण्यांच्या वाट्याला आला असेल.

मंडळी, पाककृती, प्रवासवर्णनं आणि गणपतीच्या फोटोंमध्ये हे व्हायकिंग कुठून उगवले, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण घरात पंधरा ते तीस या वयातलं कुणी असेल तर त्याच्यासमोर नुसतं ‘राग्नार’ म्हणून बघा. २०१३ साली ‘व्हायकिंग्ज’ ही मालिका सुरू झाली आणि हे नाव घराघरांत गेलं. २०२० च्या नोव्हेंबरात ‘असॅसिन्स क्रीड व्हॅलहाला’ हा व्हिडिओ गेम आला. त्यात राग्नारचे मुलगे आयव्हर, उब्बा आणि हाफदान इंग्लंडात धुमाकूळ घालताना भेटतात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘क्रुसेडर किंग्ज ३’ आला होता. मला त्याच्याबद्दलच सांगायचं आहे, कारण त्यातून आमच्या कलघटगीच्या घरात एक वाद सुरू झाला.

आधी राग्नारची गोष्ट थोडक्यात. लोथब्रोक म्हणजे ‘केसाळ विजारवाला’. विषारी सर्पाशी लढताना विष अंगाला लागू नये म्हणून त्याने केसाळ चामड्याची विजार घातली होती म्हणे. पुढे तो इंग्लंडवर चालून गेला, नॉर्थम्ब्रियाच्या एला राजाच्या हाती सापडला आणि एलाने त्याला सापांच्या खड्ड्यात टाकून मारलं. मग त्याचे मुलगे सैन्य घेऊन आले आणि त्यांनी बापाचा सूड घेतला. मुलांची नावंही आपल्या गावाकडच्या टोपणनावांसारखी झकास आहेत: बिनहाडाचा आयव्हर, लोखंडी बरगडीचा ब्यॉर्न, डोळ्यात साप असलेला सिगर्ड. आयव्हरला बिनहाडाचा का म्हणत, यावर डॉक्टरांपासून भाषातज्ज्ञांपर्यंत सगळ्यांनी डोकं चालवलं आहे. कुणी हाडांचा आजार म्हणतं, कुणी म्हणतं की अंग फार लवचिक असेल.

आता त्या काळच्या नोंदी बघू. ८४५ साली व्हायकिंगांनी पॅरिसवर धाड घातली आणि टक्कल्या चार्ल्स राजाने ७,००० पौंड चांदी देऊन त्यांना वाटेला लावलं. त्या टोळीच्या पुढाऱ्याचं नाव रेगिनहेरस, म्हणजे राग्नारसारखंच. पण हा गृहस्थ परतल्यावर लगेच रोगराईत गेला असं फ्रँकांच्या बखरी सांगतात. सापांच्या खड्ड्याचा पत्ता नाही. इंग्लंडातली मोठी स्वारी मात्र पक्की आहे. १ नोव्हेंबर ८६६ ला यॉर्क शहर पडलं आणि २१ मार्च ८६७ ला ते परत घ्यायला गेलेला एला तिथेच मारला गेला. आयर्लंडच्या नोंदींत ८७३ साली ‘ईमर’ नावाच्या नॉर्स राजाचा मृत्यू नोंदला आहे, तोच आपला आयव्हर असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे मुलगे आहेत, तारखा आहेत, मारामाऱ्या आहेत. राग्नारची सविस्तर कथा मात्र आइसलंडात तेराव्या शतकात लिहिली गेली, घटनेनंतर चारशे वर्षांनी. आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की आधी लॉग उघडतात. चार महिन्यांनी कुणीतरी लिहिलेला अहवाल नंतर. राग्नारच्या बाबतीत सगळा अहवालच आहे.

‘क्रुसेडर किंग्ज’मध्ये तलवार फिरवायची नसते, घराणं चालवायचं असतं. नकाशावरचा एखादा राजा किंवा सरदार निवडायचा, त्याचं लग्न लावायचं, मुलं वाढवायची, भाऊबंदांची कारस्थानं मोडायची आणि तो मेला की त्याच्या वारसाच्या भूमिकेतून पुढे खेळायचं. यातली सर्वांत मोठी डोकेदुखी म्हणजे वाटणी. आयुष्यभर खपून राज्य जमवावं आणि बाप डोळे मिटताच ते मुलांत वाटलं जावं. जगभरचे खेळाडू यावर कपाळ बडवून घेतात. सातबाऱ्यावर सहा चुलत्यांची नावं बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यात नवल काही वाटत नाही.

खेळ सुरू करायला एक तारीख निवडावी लागते आणि सर्वांत आधीची तारीख आहे १ जानेवारी ८६७. ती मुद्दाम राग्नारच्या मुलांसाठी ठेवलेली आहे. यॉर्क नुकतंच पडलं आहे, बापाच्या नावाने आणलेलं सैन्य इंग्लंडात उभं आहे. वंशावळीत राग्नार आहे, पण मेलेला. खेळ बनवणाऱ्यांनी हा पेच छान सोडवला: बाप दाखवायचाच नाही, त्याची सावली तेवढी दाखवायची. २०२१ च्या मार्चमध्ये या उत्तरेकडच्या मंडळींसाठी ‘नॉर्दर्न लॉर्ड्स’ नावाची वेगळी पुरवणीही निघाली.

माझा भाचा हुबळीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सुटीत तो आमच्याकडे कलघटगीला असतो. दुपारी समोरच्या रस्त्यावरून कारवारकडे जाणारे ट्रक धडधडत असतात आणि हा आतल्या खोलीत ब्यॉर्न होऊन स्वीडनचा कारभार बघत असतो. एका दुपारी त्याने सहज नकाशा ओढत ओढत पूर्वेकडे नेला. या खेळाच्या नकाशात आइसलंड आहे तसा भारतही आहे. गोवा दिसलं, त्याच्या अलीकडे आपला मुलूख दिसला आणि त्यावरचा राजाही दिसला.

“मामा, हा अमोघवर्ष कोण?”

“तू नृपतुंग बेट्टावर जाऊन गिरमिट खातोस ना, तोच हा नृपतुंग.”

हुबळीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: उणकलजवळ नृपतुंग बेट्ट नावाची टेकडी आहे. बेट्ट म्हणजे कन्नडमध्ये डोंगर. संध्याकाळी अख्खं शहर तिथे हवा खायला लोटतं. नृपतुंग हे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचं बिरुद. भाच्याला ते शाळेत होतं, पण दोन मार्कांपुरतं. ब्यॉर्नच्या बापाच्या विजारीचा इतिहास त्याला तोंडपाठ आणि ज्याच्या नावाच्या टेकडीवर हा दर रविवारी बसतो त्याच्याबद्दल एक ओळ. मला ते थोडं लागलं, हे कबूल करतो. मग त्या सुटीत आम्ही दोघांनी मिळून या राजाची फाईल उघडली.

८६७ च्या जानेवारीत अमोघवर्ष सदुसष्टीच्या आसपास होता. ८१४ साली वडील, तिसरा गोविंद, वारले तेव्हा हा तेरा-चौदा वर्षांचा पोर. सामंत उठले, सिंहासन डळमळलं, आणि लाटच्या, म्हणजे दक्षिण गुजरातच्या, चुलत घराण्यातल्या कर्काने त्याला पुन्हा गादीवर बसवलं. तिथून पुढे जवळजवळ ८७८ पर्यंत, चौसष्ट वर्षं, त्याने राज्य केलं. राजधानी मान्यखेट त्याने वसवली. आज त्याला मळखेड म्हणतात आणि ते कलबुर्गी जिल्ह्यात आहे. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या काळात कोरलं गेलं तो पहिला कृष्ण त्याचा पणजोबा. इराणी-अरबी व्यापाऱ्यांच्या ८५१ सालच्या वृत्तांतात जगातले चार थोर राजे सांगितले आहेत: अरबांचा खलिफा, चीनचा सम्राट, रोमचा बादशहा आणि चौथा ‘बल्हरा’, कान टोचणाऱ्यांचा राजा. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांची पदवी. त्या वर्षी ती पदवी अमोघवर्षाची होती.

आणि हे सगळं दूर मळखेडलाच घडत होतं असंही नाही. जुन्या अखंड धारवाड जिल्ह्यात नवलगुंदकडे शिरूर नावाचं गाव आहे. तिथल्या शिळेवर अमोघवर्षाच्या कारकिर्दीच्या बावन्नाव्या वर्षाची नोंद आहे, म्हणजे इसवी सन ८६६. यॉर्क पडलं ते वर्ष. जे. एफ. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ती वाचून छापली. अंग, वंग, मगध, माळवा आणि वेंगीचे राजे आमच्या राजाला नमतात, अशी त्यात फुशारकी आहे. ती शंभर टक्के खरी धरू नये. मगधापर्यंत याने काही घोडं दामटलं नव्हतं. पण राजा कोण, साल कोणतं, हे दगडात आहे आणि तो दगड आपल्यापासून दुपारच्या प्रवासाच्या अंतरावर आहे. ‘क्रुसेडर किंग्ज’मध्ये खेळ सुरू होतो त्याच्या जेमतेम वर्षभर आधी कुणी पाथरवट त्यावर छिन्नी चालवत होता.

भाच्याने लगेच खेळाडूच्या नजरेने प्रश्न केला, “याने जिंकलं काय काय?”

तिथे मात्र पंचाईत होती. वडील तिसरा गोविंद हिमालयापर्यंत जाऊन आला असं त्याचे कवी सांगतात. मुलाने फारसं काही वाढवलं नाही. दक्षिणेतल्या गंगांशी वर्षानुवर्षं लढाया झाल्या, त्या थांबवायला त्याने अखेर आपली मुलगी गंग राजपुत्र बूतुगाला दिली. लाटचं तेच चुलत घराणं पुढे उलटलं, त्यांच्याशीही भांडून शेवटी जमवून घेतलं. सरदार बंकेय त्याच्या वतीने बनवासीचा मुलूख सांभाळत होता. शिग्गावजवळचं बंकापूर याच बंकेयाच्या नावाचं. खेळातल्या गुणपत्रिकेत या राजाला फार वरचा नंबर मिळणार नाही. धाडी घातल्या, शहरं लुटली की तिथे गुण वाढतात. पुस्तकं लिहून घेतली म्हणून फारसे वाढत नाहीत.

आणि याच्या दरबारात पुस्तकं फार. कन्नडमधला आज हाती असलेला सर्वांत जुना ग्रंथ ‘कविराजमार्ग’ इथला, साधारण ८५० चा. महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ याच राजाच्या काळातला, आणि आरंभी त्यात नृपतुंगाची स्तुती आहे. पीयूसीला आम्ही सगळ्यांनी घोकलेलं ‘एन सी आर’चं सूत्र, म्हणजे इतक्या वस्तूंतून इतक्या निवडायच्या तर किती प्रकारे, ते सर्वसाधारण रूपात या ग्रंथात आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं हेही त्यात स्पष्ट सांगितलं आहे. इथे भाचा पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसला. परीक्षेत ज्याने छळलं त्याबद्दल माणसाला आदर वाटतोच.

पण त्याला खरा पकडला तो बोटाच्या गोष्टीने.

संजाण हे गाव मुंबईच्या उत्तरेला, आज गुजरातेत आहे. तिथे अमोघवर्षाचे ताम्रपट सापडले. शके ७९३, म्हणजे इसवी सन ८७१. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी ते वाचून प्रसिद्ध केले. संजाणजवळचं एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याचा हा पट. त्यात कवी राजाची थोरवी सांगतो: लोकांवरचं संकट टळावं म्हणून या राजाने आपल्या डाव्या हाताचं बोट तोडून महालक्ष्मीला वाहिलं. दधीची, शिबी, जीमूतवाहन यांनी देह दिले ते एकेकासाठी, हा मात्र सगळ्या प्रजेसाठी, अशी तुलनाही केली आहे. पुढे एका गुप्त राजाला कोपरखळी आहे: त्याने भावाला मारून राज्य आणि राणी घेतली, आमच्या राजाने हातातलं राज्य सोडून दिलं. सोशल मीडिया नव्हता तेव्हाही मंडळी मागच्यांचा उद्धार करायला चुकत नव्हती.

ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असं अभ्यासक धरतात. राष्ट्रकूटांवरचा प्रमाण मानला जाणारा इंग्रजी ग्रंथ १९३४ साली लिहिणारे डॉ. अनंत सदाशिव आळतेकर स्वतः कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाकव्याचे. माझी आई हे ऐकून आतून बाहेर आली. अंबाबाई आमचं कुलदैवत. “जैन ना रे तो राजा?” तिने विचारलं. जिनसेनाचार्यांना तो गुरू मानत असे, जैन ग्रंथांत त्याचं नाव आदराने येतं. तरीही संकट आलं तेव्हा देवीकडे गेला. आईला त्यात काही विसंगत वाटलं नाही. आमच्या गल्लीतली निम्मी घरं अजून असंच करतात.

भाच्याचं म्हणणं वेगळं. “मामा, हीपण दंतकथाच झाली की. सापांचा खड्डा काय आणि बोट काय.”

हा प्रश्न मला आवडला, आणि आमचा वाद झाला तो यावरच. दरबारी कवी राजाची भलामण करणारच, हे मान्य. पण राग्नारची कथा लिहिली गेली तेव्हा तो असलाच तर मरून चारशे वर्षं झाली होती. ८७१ मध्ये अमोघवर्ष जिवंत होता, गादीवर होता. त्याचे सामंत, मंत्री, दान घेणारे, सगळ्यांना त्याचे हात दिसत होते. नऊ बोटांच्या राजाचा पट कोरायचा आणि राजाला बोटं दहा असायची, एवढं धाडस कुठला कवी करेल? यावरून घटना सिद्ध होते असं मी म्हणत नाही. बोट अपघातात गेलं असेल आणि कवीने त्याचं व्रत केलं असेल, असं भाच्याचं प्रतिपादन. असेलही. पण त्या हातात काहीतरी कमी होतं, एवढं मला तरी पटतं.

यावरून आमचा विषय निघाला तो आपल्याकडे निघतोच. मित्रांत कन्नड, घरात मराठी बोलणाऱ्या पोराने विचारलं, “मग हा आपला का त्यांचा?”

कलघटगीत राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न वर्षातून चारदा विचारला जातो, कधी बेळगावकडच्या पाहुण्यांकडून, कधी ऑफिसात. ‘कविराजमार्ग’ कन्नड नाडूची हद्द कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. गोदावरी म्हणजे आपलं पैठण, नांदेड. उलट बाजूने श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतली अगदी जुनी ओळ कोरलेली आहे, ती पार हासन जिल्ह्यात. कन्नडची खूण तिकडे आणि मराठीची इकडे. अमोघवर्षाचं कन्नड पुस्तक, संस्कृत ताम्रपट, गुजरातेतलं जन्मस्थान आणि कोल्हापूरला वाहिलेलं बोट असं सगळं एकत्र घेतलं तर त्याला कुठल्या जिल्ह्यात बसवायचं? मी भाच्याला एवढंच म्हटलं की तुझं आधार कार्ड कर्नाटकाचं आहे, देवी कोल्हापूरची आहे, तुझं कुठं अडतं? “अडत नाही,” तो म्हणाला, “पण लोक विचारतात की.”

ब्यॉर्न आणि अमोघवर्ष यांचा एकमेकांशी काही संबंध होता का, हेही त्याने शोधायला लावलं. राजाराजांचा नाही. पण एक मणी आहे. इंग्लंडात रेप्टन इथे व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्याने ८७३-७४ चा हिवाळा काढला. मार्टिन बिडल आणि बिर्टे क्योल्बी-बिडल या दांपत्याने तिथे उत्खनन केलं आणि निदान २६४ माणसांच्या हाडांचा ढीग सापडला. त्याच्या मधोमध असलेलं दफन आयव्हरचंच असावं, असा तर्कही त्यांनी मांडला होता. त्याच जागी कार्नेलियनचा, म्हणजे आपल्या तांबड्या अकीकाचा, एक छोटा मणी मिळाला. कॅट जार्मन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी २०२१ साली त्याचा माग काढणारं ‘रिव्हर किंग्ज’ हे पुस्तक लिहिलं. असा अकीक बहुधा गुजरातेतून निघाला, बगदादकडे गेला आणि रशियातल्या नद्यांवरून उत्तरेला पोचला, असं त्या मांडतात. गुजरातेत अकीकाची जुनी खाण भरूच जिल्ह्यात रतनपूरला आहे. भरूच म्हणजे लाट, आणि लाटवर तेव्हा राष्ट्रकूटांचंच चुलत घराणं होतं. दगड नक्की रतनपूरचाच होता की शेजारच्या टेकडीचा, ते सोडा. पण बिनहाड्या आयव्हरच्या तळावर कुणाच्या तरी गळ्यात आपल्याकडचा खडा होता, हे वाचून भाचा दोन मिनिटं गप्प होता. तो एरवी असा बसत नाही.

ज्यांना पोरांना घेऊन बाहेर पडायचं आहे त्यांच्यासाठी: हुबळीहून पुणे-बंगळूर महामार्गाने बंकापूर तास-सव्वा तासावर आहे. किल्ल्यात मोर राखले आहेत आणि नगरेश्वराचं खांबांनी भरलेलं सुंदर देऊळ आहे. ते बंकेयाच्या नंतरच्या काळातलं, पण गावाचं नाव त्याचंच. सकाळी लवकर गेलात तर मोर दिसतात. पाणी आणि डबा बरोबर न्या.

इकडे भाच्याने स्वीडनचा खेळ तात्पुरता बंद करून अमोघवर्ष घेतला. त्याचा राजा ८७० सालीच आजारी पडून गेला, म्हणजे खऱ्या राजाने संजाणचा पट कोरून घेतला त्याच्या वर्षभर आधी, आणि मागे भाऊबंदांनी जी उचल खाल्ली ती आवरेना. परवा त्याने पुन्हा १ जानेवारी ८६७ पासून सुरुवात केली आहे. या खेपेला आधी लाटवाल्यांशी सोयरीक जुळते का ते बघणार म्हणतो.